झिपरी म्हैस आणि हिरवे लुगडे

मी, श्रीमती भागीरथा चंद्रभान बनाईत, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दुधाचा, राहणार मौजा जामखुटी, तालुका नरखेड, जिल्हा नागपूर, सकाळची धार काढून, हात धुऊन, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय माझी अखेरची इच्छा लिहून ठेवते. दडपण आणून पाहिले गेले होते, ते पुढे येईलच.

कलम १. राहते घर आणि मोसंबीची बाग माझा एकुलता एक मुलगा सुशील याला. तो खापरखेड्याला नोकरीवर असतो. रविवारी येतो, वाटीभर साय खातो आणि म्हणतो, "माय, तुह्या मांगं हे झंझट कोण करन? म्हैस इकून टाकू अन् पाकिटाचं दूध घेऊ." म्हणून गुरांचा कोठा, त्याखालची जागा, झिपरी म्हैस, तिची वगार आणि दूध डेअरीतले माझे सभासदत्व, यांतले काहीही त्याला मिळणार नाही. साय मिळत राहील.

कलम २. कोठा, जागा, झिपरी, वगार, सभासदत्व, सगळे सून काजल हिला. ती इथेच माझ्याजवळ राहते. मुलगी नागपूर शहरातल्या महाल भागातली. लग्न होऊन आली तेव्हा नाकाला पदर लावून कोठ्यात शिरली आणि शेजाऱ्याच्या हल्याकडे, म्हणजे रेड्याकडे, बोट दाखवून, हा किती दूध देतो, असे तिने मला विचारले. तो राग मी बरीच वर्षे जपला.

पुढे माझा पाय मोडला. झिपरीने सुशीलला लाथ मारली, शेजाऱ्यावर शिंग उगारले, पण पान्हा सोडला नाही. दूध अंगातच राहिले तर कास सुजते आणि म्हैस कामातून जाते. तेव्हा काजल माझे धुवायला टाकलेले हिरवे लुगडे नेसून तिच्याजवळ बसली. झिपरीने पदर हुंगला आणि पान्हा सोडला. भरलेली बादली दाखवत काजल म्हणाली, "आई, तिले मी तुम्हीच वाटली." मला म्हशीचा फार राग आला आणि सुनेचा अभिमान वाटला. हे इथे पहिल्यांदाच सांगते आहे.

कलम ३. आधी वगारीने प्यायचे, मग आपण काढायचे. सरकीची ढेप भिजवूनच द्यावी. म्हैस व्याली की पहिला चीक पिल्लाचा. खरवस मागणाऱ्या शेजारणींनी थांबावे. उन्हाळ्यात कोठ्यातला कूलर सुशीलने उचलून घरात नेऊ नये.

कलम ४. शेजारी गोपाळराव यांना माझ्या विहिरीवरची बादली देऊ नये. दुधात घालायला त्यांच्याच विहिरीचे पाणी त्यांना पुरते. यातून त्यांना काहीच मिळत नसल्यामुळे ते साक्षीदार व्हायला पात्र आहेत, असे वकिलांनी सांगितले.

कलम ५. हिरवे लुगडे काजलचे. ते धुऊ नये. मला नेताना माझ्या अंगावर घालू नये, कारण संध्याकाळी धार काढायची असेल. शेवटची साडी माहेरची असते, पण माझ्या माहेरी आता कोणी उरले नाही. ती काजलने नेसवावी. नवी आणू नये. तिच्या नेसणीतली द्यावी, आणि तीही न धुतलेली.

ठिकाण : नरखेड
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

सही : भागीरथा चंद्रभान बनाईत

साक्षीदार :
१. गोपाळराव (कलम ४ मान्य नाही, बाकी सर्व माझ्यासमोर)
२. सिंधूताई, शेजारीण (कलम ४ खरे आहे)