कोपऱ्यातली खुर्ची

४ जून

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मोबाइल घेऊन दिला तर तो कपाटात, आणि तू अजून पोस्टमनच्या जिवावर! फोनवर बोलणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, हे तुझं मत वहिनीने पुन्हा एकदा कळवलं. तुझ्यापुढे बाबांनीही हात टेकले होते, तिथे माझी काय कथा.

आमच्याकडे फर्मान निघालंय. तीन वर्षं मी विम्याचे दावे घरी बसून तपासले, आता तीन दिवस ऑफिसात यायचं आणि दोन दिवस घरून. बाकीचे कुरकुरतायत ते प्रवासापायी. माझं दुखणं वेगळं आहे आणि ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दादा, मला नीट ऐकू येत नाही. घरी स्क्रीनवर बोलणाऱ्याचे शब्द खाली छापून येतात, त्यावर निभावलं. ऑफिसात लांबलचक टेबल, समोरच्यांच्या पाठीशी खिडकी, त्यामुळे तोंडं काळोखात, ओठांवरून शब्द ओळखता येत नाहीत, आणि त्यात तिघं एकदम बोलणार. सगळे हसले की मी हसते, माझ्याकडे बघितलं की मान डोलावते.

परवा तेच अंगाशी आलं. आमची टीमप्रमुख, तुझ्या लेकीच्या वयाची पोर पण गुणाची, काहीतरी म्हणाली. मी मान डोलावली. टाळ्या पडल्या! जागेवर येऊन मेल उघडते तर काय, नव्या भरतीच्या मुलाखती घ्यायला मी बसणार. कंपनी या खेपेला अपंगांना, मधली काही वर्षं नोकरी सोडून घरी राहिलेल्या बायकांना मुद्दाम बोलावतेय. पहिल्या मुलीला अजिबात ऐकू येत नाही, आणि तसं तिने अर्जात ठणकावून लिहिलंय.

निवृत्तीला सहा वर्षं आहेत. मागच्या वर्षी तिघांना कामावरून कमी केलं. नव्या माणसाला सांभाळून घेणं वेगळं आणि जुनी बाई लपवत होती हे कळणं वेगळं. सांगू की गप्प बसू?

वहिनीला नमस्कार. हे वाचून रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी

११ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

ब्र काढू नकोस. आमच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर एकाचं अर्धं बोट गेलं, तर आठवड्यात त्याला गेट दाखवलं. त्या दिवसापासून मी शहाणा झालो.

आता नीट वाच. आधी पोच आणि टेबलाच्या कोपऱ्यातली, खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची धर. तिथून सगळी तोंडं दिसतात आणि उजेड त्यांच्यावर पडतो. पहिला प्रश्न तूच विचार, म्हणजे विषय तुझ्या हातात राहतो. कुणी काही सांगायला आलं की वही पुढे कर आणि म्हण, लिहून दे बाबा, ध्यानात राहत नाही. विसरभोळ्याला कुणी कामावरून काढत नाही.

आम्ही मजेत. तुझ्या वहिनीचं म्हणणं, आमच्या टीव्हीवरच्या बातम्या शेजारी फुकटात ऐकतात. मी लक्ष देत नाही.

काळजी घे आणि खुशाली लिहीत जा.

तुझा,
दादा

२० जून

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मुलाखतीला दहा मिनिटं आधी गेले. तुझ्या खुर्चीत ती मुलगी आधीच बसलेली! मला हसूच आलं. तिने टेबलावर एक कार्ड ठेवलं. समोर बघून एकेकाने बोला, अडलं तर लिहा, असं त्यावर लिहिलं होतं. मला इतकं सोपं गेलं म्हणून सांगू! त्या खोलीत पहिल्यांदाच सगळं कळलं.

ती बाहेर गेल्यावर भरती अधिकाऱ्याने मला विचारलं की कामाला पोरगी चोख आहे, पण मीटिंगमध्ये हिचं कसं निभणार. माणूस वाईट नाही, खरोखर काळजीने विचारत होता. तुझं ऐकायचं म्हणून मी तोंड मिटून बसले होते, पण मी गप्प राहिले असते तर तिचं नाव तिथेच कटलं असतं. म्हणून सांगून टाकलं, की निभतं, मी निभावतेच आहे. मग त्याने विचारलं की तुम्हाला काय लागेल. दादा, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी तिथेच रडले, काय करू!

मुलगी पहिल्या तारखेला रुजू होतेय. मीटिंगमध्ये आता एकेकानेच बोलायचं, आणि बोललेलं भिंतीवरच्या स्क्रीनवर उमटणार. टीमप्रमुख मात्र दुखावली. कानांमुळे नाही, उगाच डोलावलेल्या मानेमुळे. एका दाव्याला मी न ऐकताच हो म्हटलं होतं, तो पुन्हा तपासायला तिने माझ्याकडेच दिलाय. नोकरी आहे.

पण ती खुर्ची डोक्यातून जात नाही. धड ऐकू येणाऱ्याला ती सुचतच नाही. तुला कुणी शिकवली? उलटटपाली कळव, नाहीतर मीच येऊन धडकेन.

तुझी,
भिंगरी

२९ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

चार दिवस पेन धरून बसतोय. डावा कान चाळिशीत गेला, उजवा त्याच्या मागोमाग निघाला. प्रेसचा आवाज, दुसरं काय. तुझ्या वहिनीला मी शपथ घातली होती. फोन कपाटात का, ते आता कळलं असेल. तुला गप्प बस म्हटलं तो माझा भित्रेपणा होता. मंगळवारी वहिनी मला डॉक्टरकडे नेतेय, मी नाही म्हटलं नाही.

एक विचारायचंय. बाबांच्या शेवटच्या दुपारी हॉस्पिटलात तू पायाशी बसली होतीस. बाबा माझ्याकडे बघून तीनदा काहीतरी म्हणाले. मला एक अक्षर कळलं नाही. मी तीनदा मान डोलावली. अकरा वर्षं झाली, मी कशाला हो म्हटलं तेच मला माहीत नाही. बाबांचं घर विकलं तेव्हा वाटलं, हेच करू नकोस म्हणाले असतील. विचारलं असतं तर कान उघडे पडले असते, म्हणून विचारलं नाही. तुला ऐकू आलं होतं का?

असेल ते लिही. मन राखायला खोटं लिहू नकोस.

तुझा,
दादा

३ जुलै

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तशीच लिहायला बसले. तेव्हा माझे कान शाबूत होते, सगळं ऐकलंय.

बाबा म्हणत होते की तू सकाळपासून उपाशी आहेस, खाली जाऊन दोन घास खाऊन ये. तीनदा म्हणाले. तू तीनदा मान डोलावलीस आणि जागचा हलला नाहीस. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले की या पोरापुढे आपण हात टेकले, आणि हसले. अकरा वर्षं मी तुझ्या हट्टाची हीच गोष्ट सगळ्यांना सांगत आलेय रे.

तेवढं एकच राहिलंय तुझ्याकडून. जेवून घे, दादा.

तुझी,
भिंगरी