विहिरीत पडणारं अस्वल

माय,

आज तुझ्यावरून मी तुझ्या लेकाशी भांडले. भरल्या ताटावर भांडले, माझ्या नवऱ्यासमोर आणि माझ्या पोरीसमोर भांडले, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही, कारण माझंच बरोबर होतं. तो अर्धी बट्टी ताटात टाकून उठला आणि कतारगामला आपल्या घरी निघून गेला. आता दुपार कलली आहे, घरातले सगळे आडवे झालेत, आणि माझा राग काही उतरत नाही. नवरा म्हणतो, एवढ्याशा गोष्टीवरून कुणी भावाशी भांडतं का. त्याच्याशी काय बोलणार? म्हणून तुलाच सांगते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझी पोर तुला भिंतीवरच्या फोटोपलीकडे ओळखत नाही. पण ही गोष्ट एवढीशी आहे की नाही, हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

झालं असं, की रविवार म्हणून त्याला जेवायला बोलावलं होतं. मी सकाळपासून उभी. कपडे मशीनमध्ये टाकले, गोधड्या गच्चीवर नेऊन वाळत घातल्या, डाळ लावली, बट्ट्यांची कणीक तिंबली, वांगी घोटायला घेतली. तुझा लेक आला आणि सोफ्यावर बसला. बसला तो बसलाच. भाचीला म्हणाला, थांब, तुला आमच्या लहानपणचं कार्टून दाखवतो. मोबाइलवर कुठून तरी शोधलं आणि टीव्हीला जोडलं. मी ओट्याशी बट्ट्या तुपात सोडत होते. बाहेरून ते वाजायला लागलं आणि माझा हात जागच्या जागी थांबला. त्या कार्टूनमध्ये कुणी बोलत नाही, तुला आठवत असेल, नुसतं वाजतं. आधी पिपाणी, मग धावणारी पावलं, मग भांडी पडल्यासारखा खणखणाट, आणि मग ती वरून खाली येणारी लांब शिट्टी. शिट्टी ऐकली आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, अस्वल विहिरीत पडलं. मी झारा हातात घेऊन तशीच बाहेर आले. जन्मात पहिल्यांदा ते अस्वल पाहिलं.

विहीर नव्हतीच तिथे, माय. डोंगराचा कडा होता. अस्वल त्याच्यावरून खाली आपटलं, धुरळा उडाला आणि दोघं मामा-भाची खो खो हसले. तो सुकडा कोंबडा वर उभा राहून पंख फडफडवत होता. आणि तुझा लेक हसता हसता माझ्या पोरीला म्हणाला, "तुनी आजीले कार्टूनना भारी नाद. दर रविवारी आमनासंगे बशीसन देखे."

आमच्यासंगे बसून बघायची म्हणे! कार्टूनचा नाद होता म्हणे! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. बसायला कुणी दिलं होतं तुला?

त्याला पांडेसऱ्याची ती खोली आठवत नाही, असं कसं म्हणू? त्याच खोलीत वाढला तो. एकच खोली, एकच दार, खिडकी नावालाही नव्हती. टीव्ही आतल्या कोपऱ्यात, कारण दाराचा उजेड काचेवर पडला की चित्र दिसत नसे. तू मात्र उंबऱ्यापाशी, कारण तुला तोच उजेड लागायचा. मार्केटमधून तो माणूस मोपेडवर साड्यांचं पोटलं टाकून जायचा. मशीनच्या भरतकामाचे उलट्या बाजूला लोंबणारे धागे तू बसून कापायचीस. कातरीचं टोक जरा चुकलं की साडीला भोक आणि वर त्याची बोलणी. म्हणून तू दाराकडे तोंड आणि टीव्हीकडे पाठ करून बसायचीस, मांडीवर साडी, बाजूला साड्यांचा ढीग. मी मोरीत, कमरेएवढ्या भिंतीआड, उकिडवी. मला टीव्हीही दिसायचा नाही आणि तूही. आबा आणि तो खाटेवर, टीव्हीच्या बरोबर समोर.

आबांना मी बोल लावत नाही. खोटं कशाला बोलू, लावते. आठवडाभर डाइंगच्या मिलमध्ये वाफेत उभे राहायचे, नखांचा रंग कधी निघाला नाही, हे सगळं मला माहीत आहे. रविवार त्यांच्या रजेचा. ते खाटेवर जुने रेडिओ उघडून बसायचे, एक डोळा स्क्रूवर आणि एक टीव्हीवर. चाळीतले लोक म्हणायचे, हौशी माणूस. तुझा लेक काडेपेट्यांवरची चित्रं जमवायचा, त्यालाही आबा कौतुकानं छंद म्हणायचे. मग तुझी रजा कुठल्या वारी असायची? तुला काय आवडतं, हे त्या खोलीत कधी कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. मीही विचारलं नाही, पण मी तेव्हा मोरीत होते.

ते हसले की मी भिंतीआडून ओरडायचे, काय झालं? आबा म्हणायचे, भांडी घास. तो तर ऐकायचाच नाही. मग उंबऱ्याकडून तुझा आवाज यायचा. "आस्वल इहिरमा पडनं." मी विचारायचे, कुणाच्या विहिरीत? तू म्हणायचीस, मुकादमाच्या. तो कोंबडा म्हणजे डाइंग मिलचा मुकादम होता ना तुझ्या गोष्टीत. अस्वल नंदुरबारकडून गाडीत बसून आलं होतं आणि उधन्याच्या स्टेशनावर उतरलं होतं. मिलमध्ये रंगाच्या टाकीत पडून गुलाबी झालं होतं, आणि धुऊन धुऊन रंग जाईना म्हणून घरच्यांनी ओळखलंच नव्हतं. भांडी खणखणली की अस्वल कुणाच्या तरी घरी पाहुणं गेलं आणि घरधनीण चिडली. पिपाणी वाजली की अस्वलाच्या बहिणीचं लग्न. बिचारं दर रविवारी रजा मागायचं आणि मुकादम दर रविवारी नाही म्हणायचा. मी राखेनं पातेलं घासत असायचे आणि सगळं मला लख्ख दिसायचं. मोरीतून पाणी घेऊन उठले की तू दिसायचीस, तोंड दाराकडेच. तरी तुला टीव्हीतलं सगळं कसं कळतं, हा प्रश्न मला पडला नाही. आयांना पाठीलाही डोळे असतात, असं मी धरून चालले होते.

आज ते अस्वल पाहिलं आणि कळलं की तू एकदाही पाहिलेलं नव्हतंस. ते कुठल्याही मिलमध्ये नाही. त्याला बहीण नाही. ते चोरटं आहे, खुराड्यातली अंडी पळवायला येतं आणि दर वेळी मार खाऊन जातं, बस, एवढीच गोष्ट. ज्यात काही नव्हतं त्यात तू गाव, मिल, लग्न सगळं घातलंस, डोळे साडीच्या धाग्यावर ठेवून, नुसत्या आवाजावरून. आणि हा म्हणतो, आमच्यासंगे बसून बघायची.

मी त्याला म्हटलं, "तिनी पाठ व्हती टीव्हीकडे. तुले ते बी दिखनं नही का?"

आधी त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मग माझा चेहरा पाहिला असावा. म्हणाला, ताई, एवढी-एवढीशी खोली ती, बघितलं नाही तरी दिसायचंच की. मी म्हटलं, मला दिसायचं का? तर म्हणतो, तू तर भांडी घासायचीस. जसं काही मी हौसेनं घासायचे, त्याच्या काडेपेट्यांसारखी! मग मी जे बोलायचं ते सगळं बोलले. बट्ट्या जळल्या तरी बोलले. खाट बोलले, उंबरा बोलले, दुपारी उजेड कमी झाला की तू अर्धी दाराबाहेर सरकायचीस तेही बोलले. तो ताटावर बसला, दोन घास खाल्ले, आणि मान वर न करता हळूच म्हणाला, "मंग ती हासे कशी?"

याचं उत्तर मी लगेच दिलं. म्हटलं, तुम्ही हसलात की ती हसायची. ती तुमच्याकडे बघूनसुद्धा हसत नव्हती, नुसतं ऐकून हसायची. तेवढ्यावर तो उठला. पोर मला म्हणाली, मम्मी, मामाला असं कशाला बोललीस. तिला काय कळतंय. तिच्या जन्माआधी मी या घराची भिंत फोडून घेतली होती. हे घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये आख्खी भिंत होती. नवरा नको म्हणत होता, मिस्त्री म्हणत होता, ताई, धूर बाहेर येईल. मी ऐकलं नाही. ओट्याशी उभं राहून टीव्ही दिसला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं.

पण माय, तुझ्यावरही राग आहे माझा. आज लिहायला बसले आहे तर तोही काढते. एका रविवारी आबा त्याला घेऊन गावी गेले होते, चुलत्याच्या घरी जाऊळ होतं म्हणून. खोलीत आपण दोघीच. आठवतंय? मी भांडी पटापट उरकली, हात फ्रॉकला पुसले आणि खाटेवर जाऊन बसले, आबांच्या जागी. तुला म्हटलं, टीव्ही लाव. टीव्हीवर तू केलेलं झाकण होतं. साड्यांचे कापलेले रंगीत धागे फेकायच्या ऐवजी तू डबीत जपून ठेवायचीस, आणि रात्री त्या तुकड्यांनी पांढऱ्या कापडावर राघू काढले होतेस. हिरवे राघू, लाल चोची, भोवती वेल. इतकं सुरेख काही त्या खोलीत दुसरं नव्हतं. आबा दर रविवारी ते ओढून खाटेखाली टाकायचे, तुला न दिसणारा टीव्ही बघायला. तू मान वळवून राघूंकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "ऱ्हाऊ दे झाकेल."

का राहू दे? कोण होतं त्या दिवशी अडवायला? आबा नव्हते, तो नव्हता, बटण हाताच्या अंतरावर होतं. पोटलं एक दिवस राहिलं असतं तर तो मोपेडवाला काय खाणार होता तुला? तू नुसतं वळून बसायचं होतंस, माय. एकदा बसली असतीस तर आज मी त्याला सांगितलं असतं, हो, बघायची, त्या एका रविवारी बघितलं होतं. ते तू मला मिळू दिलं नाहीस. याचा मला तुझ्या लेकापेक्षा जास्त राग येतो.

त्या दिवशी तू पुन्हा धागे कापायला लागलीस आणि म्हणालीस, आज अस्वलाला रजा मिळाली. टीव्ही झाकलेला, खोलीत कातरीशिवाय कसला आवाज नाही, तरी अस्वल आलं. ते म्हणे दिवसभर झोपलं, आणि मुकादम त्याच्या मोरीत बसून भांडी घासत होता. पंखांनी पातेलं धरता येईना म्हणून मुकादमाची जी काय त्रेधा उडाली ती सांगता सांगता तुला हसू आवरेना. कातर खाली ठेवलीस, पदर तोंडाशी धरलास, आणि दाराकडे पाठ करून, माझ्याकडे बघून हसत राहिलीस. त्या दिवशी तुझ्याआधी कुणी हसलं नव्हतं. मी तर हसलेही नाही. तू टीव्ही लावला नाहीस म्हणून मी फुगून बसले होते.

हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानं विचारलं होतं, मग ती हसायची कशी, आणि मला हा रविवार तेव्हाही आठवला होता. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बघ, होता ना नाद. आणि मला मग काय बोलता आलं असतं, ठाऊक नाही. म्हणून ते माझ्याजवळच ठेवलं. त्याला खाट मिळाली होती, अस्वल कशाला देऊ?

सगळे झोपल्यावर मी हॉलमध्ये येऊन तेच कार्टून पुन्हा लावलं, आवाज बारीक करून. भांडी सिंकमध्ये तशीच आहेत. हात धुतले, कोरडे केले, सोफ्याच्या मधोमध बसले. ठरवलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं, तुझ्या वाटचं आणि माझ्या वाटचं. पिपाणी झाली, धावपळ झाली, अस्वल कड्यापर्यंत आलं. हे पत्र कुठे टाकायची सोय नाही, घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवेन, तर एवढं खरं सांगून ठेवते. शिट्टी सुरू झाली तेव्हा मी डोळे मिटून घेतले.