पळालेलं इंजिन

३ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू म्हणालीस, तोंड दाखवू नकोस. म्हणून तोंड इथंच ठेवून हा कागद पाठवतोय. वाचावासा वाटला नाही तर उशाखाली घाल, पण फाडू नकोस.

भोवरा पूर्ण शुद्धीवर आला का? पायाची बोटं हलवतो का? वॉर्डमधल्या नर्सबाईंना फोन केला होता. मी मामा म्हटल्यावर त्यांनी आईलाच विचारा म्हणून ठेवून दिला. ही तुझीच ताकीद असणार.

गाडी काल क्रेननं आली. ट्रकच्या मालकांनी ती माझ्या गॅरेजच्या दारातच उतरवली. म्हणाले, इंजिन तू बांधलंस, भाचाही तुझाच, आता उघडून काय झालं ते तूच सांग. ड्रायव्हरच्या बाजूची केबिन पार आत दबली आहे. सीटमागे त्याचा जेवणाचा डबा तसाच बंद होता. तो उघडायचा मला धीर झाला नाही. इंजिनाच्या पोटाला माझी मूठ जाईल एवढं भगदाड पडलंय आणि त्यातून तुटलेला दांडा बाहेर डोकावतोय. इतकी वर्षं ट्रकखाली काढली, पण एवढं फाटलेलं इंजिन बघितलं नव्हतं.

अक्का, महिन्याभरापूर्वी मी हे सबंध इंजिन खोललं होतं. पिस्टन नवे, बेअरिंग नवे, टर्बो नवा. चावी देताना भोवऱ्याला म्हणालो होतो, आता डोळे मिटून चालव.

त्याला काही आठवलं, काही बोलला, तर कळव. मला शिव्या घालायच्या असतील तर त्याही त्याच पाकिटात घाल.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.
तुझा धाकटा


७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. हाताला वळण पडलंय म्हणून लिहिलं गेलं.

तो शुद्धीवर आहे, पण धड नाही. ताप चढला की बडबडतो. बंद होत नाही, चावी काढली तरी बंद होत नाही, हेच पुन्हा पुन्हा. मग उजवा पाय दाबायला जातो आणि किंचाळतो. त्या पायात आता दाबण्यासारखं काही उरलेलं नाही. गुडघ्याखाली सगळा चुराडा आहे आणि बोटं काळी पडायला लागलीत. डॉक्टर रोज येतात, वास घेतल्यासारखे वाकतात आणि उद्या बघू म्हणतात.

गाडीमागून येणारा एक टेंपोवाला भेटायला आला होता. त्यानं सांगितलं, उतारावर ट्रक एकाएकी गुरासारखा हंबरायला लागला, निळा-पांढरा धूर असा सुटला की रस्ता दिसेना. पुढं वळणावर बसची वाट बघत माणसं उभी होती. यानं गाडी डोंगराच्या अंगाला घातली. माणसं वाचली, असं तो मला चांगली बातमी दिल्यासारखं सांगत होता. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

याचे वडील गेले तेव्हा मी हा पोरगा तुझ्या हवाली केला होता. शाळेत टिकत नाही, निदान हातात पाना तरी धरेल म्हणून. तू म्हणाला होतास, काळजी सोड. मी सोडली. तिथंच चुकलं.

तेव्हा आता एवढंच कर. इंजिन बघ आणि खरं काय ते लिही. तुझ्या हातून झालं असेल तर तसंच लिही. मी अंधारात राहणार नाही.

इथं येऊ नकोस.
अक्का


१२ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात ठेवून काम करतोय. तेलाचे डाग पडलेत, रागावू नकोस.

चावी काढली तरी बंद होत नाही, हे वाचलं आणि काय झालं असेल ते उमगलं. तुला समजेल असं सांगतो. चावी फिरवली की डिझेल थांबतं आणि इंजिन मरतं. पण कधी कधी इंजिनाला डिझेल लागतच नाही. ते स्वतःच्या अंगातलं तेल ओढून जाळायला लागतं. मग त्याला कोण थांबवणार? वेग वाढतच जातो, शेवटी ते स्वतःलाच फोडून घेतं. आम्ही म्हणतो, इंजिन पळालं. हवा जायची वाट कोंडली किंवा वरचा गिअर टाकून ब्रेकवर दाबून मारलं, तरच ते मरतं. भोवऱ्यानं घाबरून क्लच दाबला असेल. कुणीही दाबेल. पण क्लच दाबला की इंजिनाला कसलाच भार उरत नाही. मी त्याला डिझेल फवारणाऱ्या नोझलचा आवाज ओळखायला शिकवलं, धुराचा रंग वाचायला शिकवलं, आणि हे एवढं एक शिकवायचं राहिलं.

आता तेल आत गेलं कुठून, ते शोधतोय. हवेचा मोठा पाइप काढला तर आतून तेलानं निथळत होता. म्हणजे तेल टर्बोतून आलं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, इंजिनात हवा कोंबतो. त्याला सतत तेल लागतं आणि ते तेल एका पाइपातून खाली परत जातं. परत जायची वाट तुंबली की ते भलतीकडे घुसतं.

तो टर्बो मी माझ्या हातानं बसवला होता, अक्का. खालचा पाइप अजून काढलेला नाही. काल दोनदा पाना लावला आणि दोनदा खाली ठेवला. गॅरेजमधला वेल्डर शेजारून विचारत होता, मामा, बोल्ट गंजलाय का? मी हो म्हणालो.

उद्या काढतो. त्याच्या डोक्यावरून माझा हात फिरव. माझा म्हणून सांगू नकोस.
तुझा धाकटा


१६ मार्च

धाकट्यास,

पाय काढला. गुडघ्याच्या खालून.

डॉक्टरांनी बाहेर बोलावून विचारलं, पाय हवा की मुलगा. असं कुणी विचारतं का? मी मुलगा म्हणाले. आत जाऊन त्याला सांगायचं कामही माझ्यावरच आलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, मामाला कळवलं का. मी नाही म्हणाले. तर म्हणाला, कळवू नकोस. मग भिंतीकडे तोंड करून पडला तो अजून तसाच आहे. जेवत नाही. माझ्याशी बोलत नाही. ताप आहेच. विष वर चढलं नाही ना, हे दोन-तीन दिवसांत कळेल म्हणतात.

रात्रंदिवस गरगर फिरायचा म्हणून ज्याला भोवरा नाव ठेवलं, तो हा.

तुझा तो पाइप काढलास का नाही? काय निघालं? मला कुणावर तरी ओरडायचं आहे. कुणावर ओरडू, तेवढं सांग.

अक्का


२० मार्च

ती. अक्कास,

पाइप काढला. माझ्यावर ओरड.

पाइपाच्या जोडाला गळती थांबवायची पेस्ट लावतात. ती बेतानं लावायची असते. इथं ती भरमसाट लावलेली होती. जोड आवळल्यावर जादा पेस्ट आत दाबली गेली, वाळून तिचा बोळा झाला आणि तेलाची वाट बंद झाली. पुढचं तुला ठाऊक आहे.

इंजिन मी बांधलं, तेव्हा चूक माझीच. मालकांना आजच सांगितलं. त्यांनी त्यांच्या सगळ्या गाड्या माझ्याकडून काढल्या. विम्याच्या माणसालाही तेच सांगणार आहे. भोवऱ्याचा यात काडीचाही दोष नाही, हे त्याला नीट समजावून सांग. तो उतारावर जे वागला त्यानं माणसं वाचली.

क्षमा मागत नाही. मागण्यासारखं तोंड नाही.
धाकटा


२४ मार्च

पत्र मिळालं. यापुढे लिहू नकोस. मला एक भाऊ होता असं मी लोकांना सांगेन.


५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. या वेळी वळणानं नाही, मनापासून.

काय लिहू ते सुचत नाही, म्हणून घडलं तसं लिहिते. ताप उतरला. विष वर चढलेलं नाही. तरी हा भिंतीकडेच तोंड करून. काल मी कंटाळून तुझं शेवटचं पत्र त्याला वाचून दाखवलं. वाटलं, दोष कुणाचा ते कळलं की मन मोकळं होईल. पेस्टपर्यंत आले आणि तो उठून बसला. पाय नाही हे विसरून उतरायलाच निघाला, मी आणि नर्सबाईंनी धरला. मग जो रडायला लागला तो थांबेना. लहानपणीही असा रडला नव्हता.

त्यानं सांगितलं ते असं. अपघाताच्या आधी पाच-सहा दिवस त्याला टर्बोखाली तेलाचे थेंब दिसले. मालकांनी पाहिलं तर म्हणतील, मामानं नवं केलेलं इंजिन महिन्यातच गळतंय. तुझं नाव जाईल. तुला सांगावं तर तू कंबर धरून गाडीखाली शिरशील. म्हणून त्यानं वाटेत स्वतःच पाइप सोडवला, दुकानातली पेस्ट आणली आणि चांगली दाबून लावली. गळायचं थांबलं. म्हणाला, आई, मला वाटलं मामाला दाखवीन तेव्हा शाबासकी देईल.

तुला हे माहीत होतं. नाही म्हणू नकोस. तू इंजिन उघडून बघणारा माणूस, दुसऱ्यानं हात लावलेला तुला कळला नाही? आणि तू माझ्याकडून स्वतःला तसलं पत्र लिहून घेतलंस! मी तुला मेलेला ठरवलं आणि तू गप्प बसलास. बहिणीला एवढं मूर्ख बनवताना लाज वाटली नाही? सगळं सरळ लिही आता. आणि मालकांना जाऊन खरं सांग.

तुझी, रागावलेलीच,
अक्का


९ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

ताप उतरला हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. मला पुढच्या ओळी दिसेनात.

हो, कळलं होतं. मी काळी पेस्ट वापरतो, पाइपात लाल निघाली. केबिनच्या पेटीत तिची अर्धी पिळलेली ट्यूब होती. ती मी भट्टीत टाकली. तू म्हणालीस, खरं लिही. मी पाऊण खरं लिहिलं. कारण अक्का, जोड गळत होता तो माझा होता. मी पक्का बसवला असता तर पोराला पेस्ट आणावी लागली नसती. त्यानं माझं नाव राखायला हात घातला आणि पाय देऊन बसला. यात माझा वाटा किती आणि त्याचा किती, हे कुठल्या मापानं मोजू?

मालकांना काही सांगणार नाही. विचार कर. मी आज ना उद्या थकणारच. लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा हात कापायला लागला. त्याच्यापुढे आयुष्य पडलंय. ट्रक आता तो चालवणार नाही, पण इंजिनांचे डिझेल पंप दुरुस्त करायचं काम टेबलाशी बसून होतं. त्याला कान आहे, बोटं आहेत. मी जुनं टेबल साफ करतोय. पण ज्यानं इंजिन फोडलं म्हणून बोभाटा झाला, त्याच्या हातात पंप कोण देईल? तेव्हा तू गप्प बस आणि त्यालाही गप्प बसव. माझं एवढं ऐक. लहानपणापासून तुझंच ऐकत आलोय.

येऊ का आता? विचारल्याशिवाय येणार नाही.
तुझा धाकटा


१४ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न.

आईच्या हातातून पेन घेतलंय. अक्षर वाकडं आहे, पडून लिहितोय.

तुमचं पत्र आईनं लपवलं होतं, पण तिला कधी काय लपवता आलंय? मी वाचलं. मामा, तुम्ही मला जोड कुठं सोडवायचा, कुठं आवळायचा सगळं शिकवलंत. गप्प बसायचं कधी शिकवलं नाहीत, ते आता जमणार नाही.

काल मालक आणि विम्याचा माणूस इथं आले होते. मी दोघांना सांगितलं की पाइप मी सोडवला आणि पेस्ट मी लावली. जोड आधी गळत होता हेही सांगितलं, तुमची चूक तुम्हाला ठेवली. मालक माझ्या चादरीकडे बघून म्हणाले, तुझा मामा भला माणूस आहे, पण माझ्याशी खोटं बोलला. गाड्या तुमच्याकडे परत पाठवतील की नाही ते सांगितलं नाही. मला वाटतं नाही पाठवणार.

नसलेला पाय रोज दुखतो. डोळे मिटले की तो आवाज येतो आणि मी चावी फिरवत राहतो. आई उठवते. पुढं काय करायचं ते मला दिसत नाही मामा, खोटं कशाला बोलू. कुबडी दिलीय, तिच्याकडे बघवत नाही. वॉर्डच्या दारापर्यंत जा म्हणतात, मी जात नाही.

तुम्ही येऊ का विचारलंत. आई म्हणते, त्याला सांग विचारायची गरज नव्हती, आणि येताना माझ्या शिव्या ऐकायची तयारी ठेव म्हणावं.

त्या टेबलाशी मला बसवायचं असेल तर न्यायला या. इंजिन फोडणाऱ्याला बसवायचं नसेल, तरी या.

तुमचा,
भोवरा