आमच्या घरातले एक गृहस्थ

१ सप्टेंबर, सोमवार

दिवसभरात पाण्याचे चाळीस मीटर तपासले. तीन हळू चालत होते, एक पळत होता. बाकीचे ठीक. पाचला घरी. दोरीवरचे कपडे काढले, घड्या केल्या.

सहाला मुख्याध्यापिकाबाई आल्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी दार वाजवतात ते वर्गात शिरल्यासारखं. चर्चच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळात आता त्याच मोठ्या. चहा नको म्हणाल्या, मग घेतला. नवे पाळक यायला अजून निदान दोन महिने. बाहेरचे उपदेशक मिळत नाहीत. काल चर्चमध्ये सव्वीस माणसं होती.

"असंच चाललं तर नवे पाळक येतील आणि त्यांच्या स्वागताला मी एकटीच उभी असेन, भाऊजी!"

माझी बायको या चर्चची पाळक होती आणि सगळ्यांची ताई. म्हणून मी सगळ्यांचा भाऊजी. ऐंशीच्या आजीसुद्धा भाऊजीच म्हणतात.

तिच्या उपदेशांच्या वह्या आहेत, त्यातला एकेक दर रविवारी वाचायचा असं ठरलंय. मी वह्या आणायला उठलो.

"वह्या नकोत, तुम्ही हवे आहात. ताईंचं अक्षर मला लागत नाही. चाळीस वर्षं मुलांचे पेपर तपासले, पण हे अक्षर — छे! तुम्ही त्यांच्या सामानाच्या याद्या वाचत आलात. तुम्हीच वाचा."

मी नाही म्हणालो.

२ सप्टेंबर, मंगळवार

मी नाही म्हणालो ते बाईंच्या कानापर्यंत गेलेलंच नाही. चर्चच्या फलकावर माझं नाव लागलंय.

४ सप्टेंबर, गुरुवार

बाईंच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. ती मार्चमध्ये गेली. तेव्हापासून मी प्रार्थना केलेली नाही. एकही नाही. जेवणाआधी डोळे मिटतो, आत काहीच नसतं. रविवारी जातो, कारण माईक कोणीतरी लावायला हवा. असा माणूस पुढे उभा राहून देवावर भरवसा ठेवा म्हणणार? बिघडलेल्या मीटरवर मीच शिक्का मारल्यासारखं होईल.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"उपदेश करा असं कोण म्हणतंय? वाचा म्हणतेय. पोस्टमन पत्रं वाटतो, ती काय त्यानं लिहिलेली असतात? शेवटची प्रार्थना मी करीन. तुम्ही वाचायचं आणि बसायचं. झालं?"

झालं म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

७ सप्टेंबर, रविवार

वाचलं.

हे नीट लिहून ठेवतो, कारण अजून डोकं ठिकाणावर नाही.

गेली बावीस वर्षं उपासनेच्या वेळी माझी जागा मागच्या कोपऱ्यात, अॅम्प्लिफायरपाशी. कानाला हेडफोन. माईक शिट्टी मारतो का, आवाज फाटतो का, सुई लाल रेघेत जाते का — एवढं बघायचं. आज तिथे आपल्या मंडळीतला बसड्रायव्हर बसला. त्याला एकदा दाखवलं की जमतं.

उपदेश चिंतेविषयीचा होता. पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्यावर वाचलं, "आमच्या घरात एक —" आणि बाकांवर खसखस पिकली! मला वाटलं माईकचं काहीतरी झालं. वळून ड्रायव्हरकडे बघितलं. तोही हसत होता.

पुढे वाचलं. "आमच्या घरात एक गृहस्थ आहेत. बाहेर पडताना गॅस बंद आहे का बघतात. जिना उतरतात, परत चढून बघतात. मग मला बघायला पाठवतात. आणि मी आले की विचारतात — नीट बघितलंस ना?"

सगळे हसत होते. आजी पहिल्या बाकावर तोंडाला रुमाल लावून डुलत होत्या. पुढचं वाक्य असं होतं : "मी त्यांच्यावर रागावते. देव रागावत नाही. देव जिन्यात थांबतो."

गृहस्थ म्हणजे मी!

बावीस वर्षं मी तिचा आवाज ऐकला. ती काय बोलते ते ऐकलंच नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

कामावरून आल्यावर वह्या काढून बसलो. अकरा वह्या. गृहस्थ जिथे तिथे! गृहस्थ दाताच्या डॉक्टरकडे जातात. गृहस्थ ऊन असताना छत्री नेतात आणि बसमध्ये विसरतात. गृहस्थ पाण्याच्या खात्यात नोकरीला आहेत आणि घरचा नळ सात महिने गळतोय — यावरून सहनशीलतेची चार पानं. एका ठिकाणी तर माझ्या घोरण्यावरून सुरुवात करून थेट वादळात होडीत झोपलेल्या प्रभूपर्यंत पोचली आहे.

मुलीला फोन केला. तुला हे माहीत होतं का?

"बाबा, सगळ्यांनाच माहीत होतं. मी लहान असताना मला वाटायचं, गृहस्थ म्हणून कोणीतरी बायबलमध्येच आहे."

मग खूप वेळ हसत बसली. तिला हसताना पुष्कळ दिवसांनी ऐकलं. मलाही थोडं हसू आलं. पण माझी ही शोभा आता मीच करायची, म्हणजे जरा जास्त होतं. रविवारच्या उपदेशातल्या गृहस्थांवर पेन्सिलनं काट मारली.

१४ सप्टेंबर, रविवार

अकरा मिनिटांत आटोपलं. कोणी हसलं नाही. दोघं पेंगले. एकतीस माणसं.

दारात आजींनी हात धरला. "आज गृहस्थ दिसले नाहीत. बरं नाही का त्यांना?"

"आजी, ते गृहस्थ मीच."

"ते कळतं हो मला, मी काय खुळी आहे? तुम्ही दिसताय धडधाकट. मी त्यांची चौकशी करतेय."

१७ सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळी बसड्रायव्हर घरी आला. हातातल्या टोपीशी खेळत बसला. शुक्रवारी त्याच्या डोळ्यांची तपासणी आहे. उजव्या डोळ्यानं अंधुक दिसतं, हे त्यानं वर्षभर बायकोलाही सांगितलेलं नाही. नापास झाला तर बस सुटली. सव्वीस वर्षं चालवतोय, दुसरं काही येत नाही.

"असं काही आलं की मी ताईंकडे यायचो. सवयीनं आलो, भाऊजी."

ती असती तर याच्यासाठी दोन शब्द देवाला सांगितले असते. माझ्याकडे सांगायलाच कोणी नव्हतं. बिस्किटं पुढे केली.

त्यानं दोन खाल्ली आणि म्हणाला, "रागावणार नसाल तर एक बोलू? ताईंचा उपदेश कधीकधी माझ्या डोक्यावरून जायचा. पण ते गृहस्थ बरोबर कळायचे. शंका घेतात, जिना चढतात, उतरतात, पण रविवार आला की हजर! मला वाटायचं, देव यांना चालवून घेतो तर मलाही घेईल. आणि तुम्ही त्यांनाच काढून टाकलंत."

माझ्याच तोंडून निघालं, "शुक्रवारी बरोबर येऊ का?"

"या की!"

दार लावल्यावर बराच वेळ तिथेच उभा राहिलो. मला वाटत होतं मी मागे बसून सुई बघतोय. आणि ही माणसं माझ्याकडे बघून धीर धरत होती. तेही मला न विचारता!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

अर्ध्या दिवसाची रजा. दवाखान्यात त्याच्या मागच्या खुर्चीवर बसलो. तो भिंतीवरची अक्षरं मोठ्यानं वाचत होता, मी मनातल्या मनात. शेवटून दुसऱ्या ओळीला अडखळला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चष्मा लावला की झालं. बस चालवा.

बाहेर येऊन त्यानं मला गच्च मिठी मारली. लोक बघत होते. "देवाचे आभार, भाऊजी!" असं तीनदा म्हणाला. मी त्याला चष्म्याचं दुकान दाखवलं. जाड काळी फ्रेम घेतली. आरशात बघून म्हणतो, "आता मुख्याध्यापिकाबाई मला घाबरतील."

२१ सप्टेंबर, रविवार

काल रबरानं पेन्सिल खोडून काढली. आज छत्रीचा उपदेश, एक शब्द न गाळता.

"आमच्या घरात एक गृहस्थ —" म्हणताच आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आले बाई एकदाचे!"

उपासना थांबली. बाईसुद्धा हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. बेचाळीस माणसं.

छत्रीवाल्या उपदेशाचा शेवट असा आहे : आपण विसरतो ते बसमध्ये राहतं, देव विसरत नाही म्हणून आपण कुठे राहून जात नाही. हे वाचताना आवाज जरा हलला. ड्रायव्हरनं मागून लगेच बटण फिरवून वाढवला. तयार होतोय.

२८ सप्टेंबर, रविवार

घोरण्याचा वाचला. कान तापले. त्रेपन्न माणसं — जास्तीचा बाक आणावा लागला!

२ ऑक्टोबर, गुरुवार

अकराव्या वहीतला शेवटचा उपदेश आजवर उघडला नव्हता. फेब्रुवारीतला, हॉस्पिटलमध्ये लिहिलेला. ओळी उताराला लागल्यासारख्या खाली गेल्यात. आज वाचला. वही मिटली. परत उघडून वाचला.

बाईंकडे गेलो. हा मला लोकांसमोर वाचता येणार नाही म्हणालो.

"मग दुसरा वाचा. ढीग आहेत."

मी निघालो. पायरीवर असताना मागून म्हणाल्या, "त्यांनी तो कोणासाठी लिहिला होता?"

"मंडळीसाठी."

बाई कुंडीला पाणी घालायला लागल्या.

५ ऑक्टोबर, रविवार

तोच वाचला.

जसा आहे तसा इथे उतरवतो. "तुम्हाला आमच्या घरातले गृहस्थ माहीत आहेत. ते मला म्हणतात, मला तुझ्यासारखा विश्वास ठेवता येत नाही. गॅस बघतात, कुलूप ओढून बघतात, मीटर बघणं तर त्यांचं कामच. पण इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही तपासलं नाही. कुठे गेली होतीस, का उशीर झाला, खरं सांग — कधी नाही. मी येते म्हटलं की येणार, हे त्यांनी धरून चाललेलं असतं. नऊ वाजले तरी ताट झाकून वाट बघतात, आणि मी आले की म्हणतात, आलीस? जणू दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. मंडळी, ज्याला हे येतं त्याला विश्वास वेगळा शिकवावा लागत नाही. त्याला एवढंच सांगायचं, की बाबा, हाच तो. तू माझ्याशी जसा आहेस तसाच देवाशी —"

इथे थांबलंय. पुढे कोरं पान.

मी म्हणालो, "पुढे लिहिलेलं नाही."

कोणी खोकलंसुद्धा नाही. आता बाईंनी उठून प्रार्थना करायची होती. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या तोंडावर हात दाबून बसल्या होत्या, खांदे हलत होते. त्यांना उठता येण्यासारखं नव्हतं. मग मलाच करायला हवी होती. डोळे मिटले. काय म्हणतात, कसं सुरू करतात, सगळं ठाऊक आहे. बावीस वर्षं कानावरून गेलंय. एक शब्द आला नाही. किती वेळ गेला कोणास ठाऊक. माईकची घरघर मला ऐकू येत होती.

मग पहिल्या बाकावरून — "राहू द्या हो भाऊजी. आम्ही आहोत ना."

आणि आजींनी आपल्या चिरक्या आवाजात, लहान मुलांनाही पाठ असते ती प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या ओळीला पहिला बाक मिळाला, तिसऱ्या ओळीला सगळं चर्च. मी ओठ हलवले. आवाज त्यांचा होता.

आमेननंतर कोणी उठेना. शेवटी ड्रायव्हर मागून ओरडला, "भाऊजी, माईक बंद करू का?" तेव्हा सगळे हसले आणि नाकं पुसली.

दारात बाईंनी मला सांगितलं की त्यांना सर्दी झाली आहे. मी हो म्हणालो.

६ ऑक्टोबर, सोमवार

बाईंची चिठ्ठी आली. नवे पाळक नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी येणार. तोवर वह्यांतलेच चालू ठेवायचे. खाली रेघ मारून लिहिलंय : "नळाचा घ्या. आजींची मागणी आहे."

सदतीस मीटर. सगळे ठीक.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी कामाला जायच्या आधी बूट पुसत बसलो होतो. डावा झाला, उजवा हातात घेतला, तेव्हा लक्षात आलं की मी मघापासून बोलतोय. चांगला मोठ्यानं. ड्रायव्हरला चष्म्याची सवय होऊ दे. आजींचा गुडघा दुखतोय, तेवढं बघ. बाईंना कोणीतरी चहा करून देणारं असू दे. वाटलं, सवयीनं तिच्याशीच बोलतोय. पण नाही — प्रत्येक वेळी "प्रभू" म्हणत होतो.

थांबलो नाही. उजवा बूट पुसून झाला, तरी आणखी थोडा वेळ पुसत राहिलो.