सासरेबुवांच्या रिसीव्हरची वाचा

प्रिय साडूभाऊंना थोरल्या साडूचा सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा जिना उतरताना अजून कुरकुरतो का? मेहुणीबाईंचा खोकला थांबला का? नसेल तर कोमट पाणी प्या म्हणावं. ऐकणार नाहीत, हे घरच्या अनुभवावरून मला ठाऊक आहे. लेकीच्या दातांची तार निघाली का? आणि सासरेबुवा? जेवतात ना, झोपतात ना, आणि मुख्य म्हणजे रिसीव्हरबद्दल काही विचारतात का?

इकडे आम्ही ठीक. म्हणजे ही ठीक आहे, माझी दोन बोटं भाजली आहेत आणि रिसीव्हर गेल्यात जमा आहे.

सासूबाई गेल्यापासून सासरेबुवांची सोबत काय ती त्या जुन्या रेडिओ-रिसीव्हरचीच, हे तुम्ही जाणताच. तो एकाएकी मुका झाला आणि मागोमाग सासरेबुवाही गप्प झाले. तोंडाने म्हणायचे, “राहू द्या हो, जुनं झालं,” आणि रोज संध्याकाळी त्याच्यासमोर जाऊन बसायचे. ते मला बघवेना. म्हणून हवापालटाच्या नावाखाली त्यांची रवानगी तुमच्याकडे केली आणि झाकणाचे स्क्रू काढले.

आत कपॅसिटर नावाच्या डब्या असतात. वीज धरून ठेवणं हे त्यांचं काम. वय झालं की त्या आतून सुकतात (आपलं वेगळं काय होतं म्हणा), मग त्या बदलायच्या. एवढं मी व्हिडिओ बघून शिकलो. प्लग काढला म्हणजे वीज गेली अशी माझी भाबडी समजूत. मोठ्या डबीला ते कुणी कळवलं नव्हतं. तिला बोट लागलं आणि मी स्टुलासकट कपाटाला भेटून आलो. ही स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “काय फुटलं?” कोण पडलं, असं नाही विचारलं.

जाणते सांगतात, एक जुना काढावा, त्याच्या जागी एक नवा बसवावा, मग पुढच्याला हात लावावा. मी म्हटलं, साफसफाई एकदमच करू. सगळे उपटले. कुठला कुठे होता याचा फोटो काढला होता, मी काही अगदीच अडाणी नाही. पण ज्या कोपऱ्यात सगळी गुंतागुंत, नेमका तिथे फोटोत माझा अंगठा आला आहे. अंगठा मात्र सुरेख आलाय, नखावरचा डागसुद्धा दिसतो. मग अंदाजाने बसवले. त्यातला एक उलटा बसला, त्याची अधिक बाजू उण्याकडे. चालू केल्यावर तो आधी फुगला, मग फाटकन उडाला, आणि घरभर असा वास सुटला की शेजारीण दार वाजवून विचारून गेली. तोही बदलला. डाखणीचा एकेक सांधा पुन्हा तापवून पाहिला, त्यात ती दोन बोटं भाजली. आता दिवे लागतात, काटा डुलतो, पण आवाज नाही. साडूभाऊ, मी हरलो. म्हातारा माणूस आशेने परत येईल, आणि मी त्यांच्यासमोर काय ठेवू? उजळलेली, मुकी पेटी?

लेकीला आशीर्वाद.

तुमचा,
थोरला साडू

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. सासरेबुवांना आणखी थोडे दिवस ठेवून घ्या. कारण काहीही सांगा. आमच्याकडे रंगकाम काढलंय म्हणा. वाटल्यास मी एखादी भिंत खरंच रंगवतो.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात ही फडकं घेऊन आली. रिसीव्हर पुसता पुसता म्हणाली, “अहो, हे एकच बटण आत का गेलंय?” आणि तिने ते बाहेर काढलं. खोलीत गाणं. ते बटण टेप लावायचं. ते दाबलेलं असलं की रेडिओ ऐकूच येत नाही. म्हणजे जुने कपॅसिटर बिचारे ठणठणीत होते. बटण दाबलं असणार सासरेबुवांनीच. त्यांना हल्ली अक्षरं नीट दिसत नाहीत, आणि ते तसं कबूलही करत नाहीत. ही त्यांच्या खुर्चीत बसली, गाणं संपेपर्यंत उठली नाही. मग म्हणाली, “बाबांना बटणाचं सांगू नका.”

तेव्हा रंगकाम रद्द. त्यांना घेऊन या, पण वाटेत सांगा की कपॅसिटर पार सुकले होते, दोष सगळा त्या डब्यांचाच, आणि थोरल्या जावयाने फार मेहनत घेतली. (शेवटचं वाक्य जरा ठसवून.) कधी निघताय ते लगेच लिहा, सासरेबुवा यायच्या आत, पुन्हा दाबलं जाऊ नये म्हणून, त्या बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवतो.