गांडूळ की कलेजी: सहा हंगामांचा निकाल आणि माझ्या वस्तूंची व्यवस्था

मी, प्यो हान-गू, वय सव्वीस, राहणार मुल्लेगोल, सोमजिन नदीचा डावा काठ, जिल्हा गोकसोंग, आज मंगळवार दिनांक १२ मे २००९ रोजी ग्वांगजूच्या मोठ्या रुग्णालयात पाचव्या मजल्यावरच्या बाकावर बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. काल एका डॉक्टरबाईंनी तासभर प्रश्न विचारून तसा शेरा दिला आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. उलट जो तो मला असले अभद्र लिहू नकोस म्हणतो. माझे शिक्षण हायस्कूलच्या पहिल्या वर्षात सुटले. कायद्याची भाषा चुकली असेल तर अर्थ ध्यानात घ्यावा. अवघड शब्द मी कोशात पाहून लिहिले आहेत.

लिहिण्याचे कारण असे. परवा गुरुवारी सकाळी माझ्या यकृताचा मोठा भाग काढून माझे थोरले काका प्यो जोंग-सुल यांच्या पोटात बसवायचा आहे. देणाऱ्याच्या जिवाला धोका शंभरात एकालाही नसतो, असे डॉक्टर सांगतात. पण हजार गळांना आमिष लावताना एखादा गळ माझ्याच बोटात घुसतो, हा माझा अनुभव आहे. म्हणून लिहून ठेवतो.

काकांनी मात्र अजून संमतीच्या कागदावर सही केलेली नाही. उद्या दुपारपर्यंत केली नाही तर ऑपरेशन रद्द होईल, आणि मग काका हा पावसाळा बघणार नाहीत. मी माझ्या बाजूची तयारी पुरी करत आहे.

कलम १. जाळ्यांच्या शेडवरची माझी खोली, त्यातील गाद्या, पंखा आणि बँकेचे पुस्तक काकू ओ बोक-सिम यांना द्यावे. मी नऊ वर्षांचा असताना माझे आईवडील घाटातल्या बस अपघातात गेले. तेव्हापासून काकूंनी माझ्या ताटात पहिला भात वाढला आणि स्वतःच्या मुलाच्या, ग्यू-सान दादाच्या, ताटात दुसरा. हे दादाला अजून खुपते. खुपू दे.

कलम २. नावेतला माझा अर्धा हिस्सा काकांचा. नाव डावीकडे किंचित कलते. ती माझ्यामुळे कलते असे काका म्हणतात. मी नसल्यावर खात्री करून घ्यावी.

कलम ३. साठ गळांचा लांब दोर, टोपलीसह, काकांनाच. दोर गुंडाळताना गळ टोपलीच्या काठावर एकाच दिशेने टोचावेत. मागच्या वर्षी उलटसुलट टोचले होते, ते मी नव्हे.

कलम ४. माझे अॅल्युमिनियमचे पातेले चुलतभाऊ प्यो ग्यू-सान यास, या अटीवर की नदीचा मासा त्याने यापुढे त्यात शिजवूनच खावा.

या अटीमागची हकीकत सांगणे भाग आहे. आमच्या काठावर ताजा मासा नावेतच कापतात आणि आंबट-तिखट चटणीत बुडवून कच्चा खातात, सोबत सोजू दारूचा घोट घेतात. बारा वर्षांचा असताना मी आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचा कागद वाचला. गोड्या पाण्याच्या कच्च्या मासळीतून बारीक किडे पोटात जातात आणि यकृतात बिऱ्हाड करतात, असे त्यात चित्रासह लिहिले होते. त्या दिवसापासून मी कच्च्या मासळीचा तुकडा तोंडात घातला नाही. दादा सगळ्यांसमोर म्हणायचा, "कोळ्याच्या पोराला मासा चावतो होय रे? दाखव, कुठं चावला?" आणि काका म्हणायचे, "राहू दे रे. त्याला उकडून, गाळून, चाळून द्या. हा पाणीसुद्धा चावून पितो."

चौदा वर्षे मी हे ऐकले. या मार्चमध्ये काका पिवळे पडले. डॉक्टरांनी कारणे तीन सांगितली: जुनी कावीळ, सोजू आणि कच्ची मासळी. यकृत देण्यासाठी घरच्यांच्या तपासण्या झाल्या. काकूंचा रक्तगट जुळला नाही. दादाच्या यकृताच्या नळ्या किड्यांनी खराब केलेल्या निघाल्या. औषधाने किडे मेले, पण वण राहिले. माझ्या यकृताचे चित्र डॉक्टरांनी उजेडावर धरले आणि विचारले, "नदीकाठचाच ना तू? एवढं स्वच्छ यकृत त्या काठावर आणलंस कुठून?"

दादाने खाली पाहिले. मग बाहेरच्या यंत्रातून माझ्यासाठी कॉफी आणली आणि म्हणाला, "हान-गू, ते मासा चावण्याचं मी मागं घेतो." तो राग मिटला. अट कायम.

कलम ५. गुलाबी शिवणदोऱ्याची उरलेली चार रिळे काकूंना परत. न विचारता घेतली होती.

कलम ६. माझ्या अकरा वह्या मो छुन-जा मावशींच्या माशाच्या रश्श्याच्या खानावळीत फ्रीजवरच्या फळीवर ठेवाव्यात. ज्याला शिवडा या मिशाळ माशासाठी आमिष निवडायचे असेल त्याने तिथेच बसून वाचाव्यात, घरी नेऊ नयेत. सन २००३ पासूनच्या सहा हंगामांत आम्ही धरलेला प्रत्येक शिवडा त्यांत आहे: तारीख, पाण्याचा रंग, आमिष, लांबी. ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. नदी चढत असेल आणि पाणी तांदळाच्या दारूसारखे गढूळ असेल तेव्हा गांडूळ लावावे, मातीचे, शेणातले नव्हे. पाणी उतरून निवळले की कोंबडीची कलेजी. पानगळीत खडकांच्या आडोशाला चिखलातला बारका जिवंत मासा. सोयाबीनची पेस्ट फासून काहीही होत नाही. ते लोक उगीच सांगतात.

कलम ७. कलेजी गळावर टिकावी म्हणून ती एक रात्र मिठात मुरवावी, अंगठ्याएवढे तुकडे करावेत आणि प्रत्येकाला दोऱ्याचे सात वेढे द्यावेत. गुलाबी दोरा एवढ्यासाठी की तो घरात दुसऱ्या कोणाला नको होता.

काकांना हे कधी पटले नाही. "कलेजी म्हणजे शहरी लोकांचा चाळा," ते म्हणायचे. "पाण्यात पडली की विरघळली. गांडूळ बघ, मरेपर्यंत काम करतं." जुलै २००६ मध्ये वाद इतका वाढला की त्यांनी माझ्या बांधून तयार केलेल्या कलेजीच्या चार बरण्या पुलावरून नदीत ओतल्या. निम्मे गाव बघत होते. "घ्या रे माशांनो, हान-गूकडून जेवण," असेही वर म्हणाले. दुसऱ्या सकाळी त्याच पुलाखाली त्यांना गांडुळावर ब्याण्णव सेंटिमीटरचा शिवडा लागला. माझे म्हणणे, तो माझ्या कलेजीच्या वासाने आला आणि जाता जाता गांडूळ गिळले. त्यांचे म्हणणे, गळाला होते ते आमिष. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे आम्ही नावेत फक्त 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' एवढेच बोललो. त्या माशाची नोंद मी पेन्सिलने करून ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात यकृत माझे जुळते असे कळल्यावर काका खाटेवरून म्हणाले, "तुझी कलेजी गळावर टिकत नाही, माझ्या पोटात काय टिकणार?" वॉर्ड हसला. मग ते भिंतीकडे वळले आणि हळू म्हणाले, "वर गेल्यावर तुझ्या बापाला काय सांगू? तुझं एकुलतं एक पोर मी चिरून घेतलं म्हणून?" तेव्हापासून ते सहीचा विषय निघाला की झोपेचे सोंग घेतात.

कलम ८. निकाल. मी चार वेळा बेरीज केली आहे. गांडूळ तीनशे सतरा, कलेजी तीनशे सतरा, पेन्सिलीतला मासा एक. मेलेल्या माणसाने मागे पेन्सिल ठेवू नये. म्हणून शाईने लिहितो: तो मासा <s>गांडुळाचा</s> कलेजीचा धरावा. <s>गांडूळ</s> कलेजी तीनशे अठरा. <s>काका बरोबर होते. हे कलम मी मेल्यासच काकांना वाचून दाखवावे. मी घरी परतल्यास हा भाग फाडावा. मी वाद सोडलेला नाही.</s>

पुरवणी. वरील खाडाखोड माझीच आहे. तिचे कारण नोंदवतो.

आज संध्याकाळी पाच वाजता मी हा मजकूर भेटायला आलेल्या मो मावशींना आणि शेजारच्या खाटेवरचे निवृत्त पोस्टमन बांग इन-ह्योन यांना साक्षीसाठी वाचून दाखवला. काका पडद्याआड औषधाने झोपले आहेत, अशी माझी समजूत होती. आठवे कलम संपले आणि पडद्याआडून आवाज आला.

"परत वाच."

मी परत वाचले.

"खोड ते," काका म्हणाले. "त्या माशाचं पोट मी फाडलं होतं. आत तुझा गुलाबी दोरा निघाला. दोन तुकड्यांचा."

मो मावशी म्हणाल्या, "आणि तीन वर्षं गप्प बसलात? माझ्याच मोरीत कापलात ना तो मासा?"

"गांडूळपण होतं की पोटात," काका म्हणाले. मग म्हणाले, "पेन आण इकडं."

मी सांगितले की मृत्युपत्रात दुरुस्ती करायचा अधिकार फक्त लिहिणाऱ्याला असतो.

"तुझ्या कागदाला कोण हात लावतंय? तो दुसरा दे, डॉक्टरचा. कुठं करायची सही, बोट ठेव."

मी बोट ठेवले. त्यांनी सही केली. नाव पूर्ण लिहिले. पेन परत देताना म्हणाले, "एका माशाची आघाडी म्हणजे आघाडी नव्हे. पाणी गढूळ होऊ दे. मग दाखवतो तुला."

"जुलैपर्यंत तुम्हाला नावेत बसता येणार नाही, काका."

"मग ऑगस्ट. आणि डावीकडे मी बसणार."

सबब, कलम ८ मधील 'गांडुळाचा' हा शब्द खोडून 'कलेजीचा' आणि 'गांडूळ' खोडून 'कलेजी' केले आहे; शेवटची तीन वाक्ये रद्द केली आहेत. प्रत्येक ठिकाणी माझा शिक्का मारला आहे. वह्यांत बाराव्या वहीची भर पडण्याचा संभव असला तरी कलम ६ मधील 'अकरा' हा आकडा तूर्त तसाच ठेवतो.

ठिकाण: ग्वांगजू. दिनांक: १२ मे २००९.
लिहिणारा: प्यो हान-गू (शिक्का)

साक्षीदार १: मो छुन-जा, खानावळ, मुल्लेगोल पुलाजवळ. फळीवर जागा करून ठेवते, पण वह्या त्याने स्वतः आणून ठेवाव्यात.

साक्षीदार २: बांग इन-ह्योन, खाट क्रमांक तीन. मला मासे धरता येत नाहीत. ऑगस्टमध्ये नावेत तिसऱ्याला जागा असल्यास कळवावे.