माझ्या जिभेवरचा ळ

२ फेब्रुवारी

आज जजसाहेबांनी मला पकडलं!

अर्धांगवायूनंतर ते माझ्याकडे पुन्हा बोलायला शिकतात. आज ळ घेतला. रोजचंच सांगणं — जिभेचं टोक मागे वळवा, टाळूला टेकवा, सोडून द्या. म्हणा, काळा, माळा, शाळा. ते म्हणाले, "काला, माला..." आणि थांबले. वाकड्या ओठांनी हसले. "हरकत आहे, बाई. तुम्हीसुद्धा 'शाला'च म्हणालात."

मी म्हटलं, दाढ काढलीय, जीभ दुखतेय.

खोटं. दाढा सगळ्या जागच्या जागी आहेत.

३ फेब्रुवारी

न्हाणीघराचं दार लावून आरशात जीभ पाहिली. कडेला बारीक थरथर. कातडीखाली अळ्या वळवळाव्यात तशी.

दादाच्या जिभेवर हेच पाहिलं होतं.

६ फेब्रुवारी

ळ चुकवत बोलतेय. वेळ विचारायची तर "किती वाजले?" गोळीला "औषध". आज नवऱ्याला म्हटलं, "चिंता करू नकोस." तो हसायलाच लागला. "चिंता? काळजी कुठे गेली? एकदम पुस्तकी झालीस की!"

मीही हसले. 

लिहिताना बघ किती सरळ येतो! ळ ळ ळ. कागदावर येतो, तोंडात येत नाही.

१० फेब्रुवारी

दादा लिलाव पुकारायचा. खणखणीत गळा, चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचा. आधी गिऱ्हाइकं म्हणू लागली, "काय म्हणालात?" मग वहिनी म्हणू लागली. शेवटी पाटीवर लिहून पाणी मागायचा. मग हातही गेले. मग तोही.

आमच्या वाचोपचाराच्या धंद्यात अज्ञानाचं सुख नाही. पुढे काय होतं ते मला पाठ आहे.

१३ फेब्रुवारी

जजसाहेबांचा ळ सुटला! "बाळ" म्हणाले, स्वच्छ. बायको दाराशी उभी होती, पदर डोळ्यांना लावला तिने.

मग त्यांना हुरूप आला. "हे अक्षर आलं कुठून हो?" मी सांगितलं — वेदांच्या भाषेत दोन स्वरांमध्ये ड आला की त्याचा ळ व्हायचा. पुढच्या संस्कृतातून तो गेला, आपल्याकडे मात्र राहिला. आणि आपल्या शब्दांत तो सुरुवातीला येत नाही, कायम मधे नाहीतर शेवटी.

"म्हणजे जुनं कूळ," ते म्हणाले. "सहजी हटायचं नाही!"

मी खिडकी लावायला उठले. खिडकी लागलेलीच होती.

१६ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. "जीभ दाखव," म्हणाला. बघितलं.  उठून गाडीची किल्ली शोधू लागला — ती त्याच्याच हातात होती.

१७ फेब्रुवारी

डॉक्टर आमच्या लेकीच्या वयाची. स्नायूत सुया टोचल्या. पडद्यावर रेघा नाचल्या. तिने विचारलं, "घरात आणखी कुणाला?" दादाचं सांगितलं. तिची लेखणी थबकली.

"रक्तही तपासू," म्हणाली.

२४ फेब्रुवारी

वाट पाहणं.  आज तीन रुग्ण परत पाठवले. 'म' आणि 'प' तेवढे शिकवू शकते. ओठांची अक्षरं अजून माझी आहेत.

११ मार्च

दादाचाच आजार. रक्तातून उतरणारा. बाबा तरुणपणी अपघातात गेले, म्हणून त्यांच्यात कधी दिसला नाही — डॉक्टरचा तर्क.

"मुलं किती?" तिने विचारलं.

एक. मुलगी. तिच्यात उतरला असण्याची शक्यता निम्मी. उतरला नसला तर तिथेच संपला. नाणं हवेत उडवल्यासारखं.

आतापर्यंतची भीती म्हणजे काहीच नव्हती. ती माझ्यापुरती होती.

१२ मार्च

नवरा म्हणतो, इतक्यात सांगू नको, पोरगी सुखात आहे, नवा संसार आहे. मी म्हणते, तिला हक्क आहे. भांडलो. माझे शब्द अडखळले, तसा तोच रडायला लागला. ठरलं — रविवारी दोघांनी तिच्याकडे जायचं, समोर बसून सांगायचं.

१४ मार्च

तिचाच फोन आला. "आई, तू आजी होणार!"

मला एक अक्षर फुटेना. तिकडून ती हसत जावयाला म्हणाली, "बघ, आनंदाने आईची वाचाच बसली!"